चाकांवरचे घर आणि चालकाची झोप



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह यांची अपेक्षा धरली जाते. मी आज ज्या इतिहासाकडे आपले लक्ष वेधणार आहे, त्यात एक ट्रक आहे, ट्रकवर बांधलेली एक खोली आहे, त्या खोलीतली हवा गार करणारे यंत्र आहे आणि ते यंत्र रात्रभर चालवणारी बॅटरी आहे. अमेरिकेत, युरोपात आणि हल्ली थोडेफार आपल्याकडेही हौशी माणसे अशी घरे स्वतःच्या हातांनी बांधतात आणि सुटीत डोंगराकडे निघतात. त्यात वावगे काही नाही. परंतु या चार वस्तू एकत्र येण्यास बराच काळ लागला, आणि त्या कोणत्या क्रमाने कोणाच्या वाट्याला आल्या हे पाहिले, तर असे दिसते की ज्याला पोटासाठी ट्रकमध्ये झोपावे लागते त्याचा नंबर सगळ्यांच्या शेवटी लागला. असे का झाले, हा माझा विषय आहे.

दोन प्रकारची घरे

चालते घर ही कल्पना जुनी आहे. आपल्याकडे लमाणांचे तांडे, घिसाड्यांच्या गाड्या पिढ्यान्‌पिढ्या संसार पाठीवर घेऊन फिरल्या. इंग्लंडात जिप्सी लोकांच्या घोडागाड्यांत चूल आणि बिछाना असे. १८८५ साली विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाच्या डॉक्टराने ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याकडून खास करमणुकीच्या प्रवासासाठी तशी गाडी बांधून घेतली आणि तिचे नाव ‘वाँडरर’ ठेवले. दोन घोडे ती ओढीत. सोबत गाडीवान होता आणि रस्ता मोकळा करण्यास तीनचाकीवरून पुढे जाणारा नोकरही होता. जिप्सी जे नाइलाजाने करीत होते ते डॉक्टरांनी हौसेने केले, आणि हौसेच्या चालत्या घराचा इतिहास बहुधा त्यांच्यापासून सांगितला जातो.

नाइलाजाच्या घराचा मोठा अध्याय मात्र १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत लिहिला गेला. ओक्लाहोमा, टेक्सास, अर्कान्सास या भागांत अवर्षण पडले, धुळीची वादळे उठली, शेतमालाचे भाव आधीच कोसळले होते आणि कर्जाखाली जमिनी गेल्या. लाखो माणसे कॅलिफोर्नियाकडे निघाली. जुन्या मोटारी कापून त्यांचे ट्रक करण्यात आले. मागे फळ्या ठोकून, वर ताडपत्री टाकून त्यात गाद्या, भांडी आणि लेकरे भरली. हे खरे हाताने बांधलेले ट्रकघर. याला कोणी छंद म्हटले नाही. फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसप्रमुखाने आपले १३६ शिपाई थेट राज्याच्या सरहद्दीवर उभे केले आणि खिशात पैसे नसलेल्यांना परत फिरवण्याचा सपाटा लावला. गरीब माणसाला राज्यात आणणे हा गुन्हा ठरविणारा कायदा पुढे १९४१ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. चाकांवरचे घर एकच. श्रीमंताचे असले म्हणजे त्याला सहल म्हणायचे आणि गरिबाचे असले म्हणजे भटकेगिरी!

गारवा प्रथम कोणाला?

आता गारव्याकडे वळू. हवा यंत्राने गार व कोरडी ठेवण्याची आधुनिक पद्धत १९०२ साली विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आखली. उन्हाळ्यातल्या दमट हवेने कागद फुगे, आणि एकावर एक छापायचे रंग जागेवर बसत नसत. तेव्हा कागदासाठी हवा सुधारली. घामाने निथळणाऱ्या छापकामगारासाठी ती सुधारलेली नव्हती. त्याला वारा लागला असेल तर तो कागदाच्या पुण्याईने.

‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द तर आमच्या गिरणीच्या भाऊबंदांतला आहे. १९०६ साली स्टुअर्ट क्रॅमर या अमेरिकन माणसाने तो कापडगिरण्यांच्या संदर्भात वापरात आणला. सूत तुटू नये म्हणून हवेत ओलावा सोडण्याची ती व्यवस्था होती. मुंबईतल्या ज्या जुन्या मंडळींनी साचेखात्यात दिवस काढले त्यांना तो ओलावा चांगला ठाऊक आहे. सुताला तो मानवे. सांध्यांना आणि छातीला मानवत नसे.

कागद झाला, सूत झाले. १९२५ साली न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात प्रेक्षकांना गारवा मिळाला, कारण उन्हाळ्यात तिकिटे खपत नव्हती. १९३९ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या प्रदर्शनात पॅकार्ड कंपनीने वातानुकूलित मोटार मांडली. ती अर्थात धनिकांची. मग ट्रकची पाळी आली. परंतु येथेही पुढे बसलेला चालक आधी आला नाही. आधी मागचा माल आला.

मिनिआपोलिसची दोन वर्षे

मिनेसोटा राज्यातल्या मिनिआपोलिस या एकाच शहरात, चार वर्षांच्या अंतराने, ट्रकच्या इतिहासातल्या दोन मोठ्या गोष्टी घडल्या. त्या एकत्र सांगण्याची पद्धत नाही. पण त्या एकत्रच पाहिल्या पाहिजेत.

पहिली १९३४ ची. ‘लोकल ५७४’ या ट्रकचालक व गोदामकामगारांच्या संघटनेने मान्यतेसाठी संप पुकारला. २० जुलै रोजी पोलिसांनी निःशस्त्र संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. साठांहून अधिक माणसे जखमी झाली, दोन कामगार प्राणास मुकले. तरी संप मोडला नाही, आणि ऑगस्टमध्ये मालकांना संघटनेशी तडजोड करावी लागली. तेथून चळवळ शहराबाहेरच्या लांब पल्ल्याच्या चालकांपर्यंत गेली, आणि १९३८ साली अनेक राज्यांतल्या अशा चालकांसाठी एकच करार झाला. यापूर्वी ज्या चालकाला कोणी गावचा धरत नव्हते, त्याला त्या करारामुळे आपले माणूस मिळाले.

दुसरी गोष्ट त्याच १९३८ सालची. फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स हा कृष्णवर्णीय कारागीर त्या शहरात जोसेफ न्यूमेरो यांच्याकडे सिनेमाच्या ध्वनियंत्रांचे काम करी. लहानपणी अनाथ झालेला, शाळा लवकर सुटलेली; मोटारी दुरुस्त करता करता आणि पुस्तके वाचता वाचता शिकलेला. आम्हां स्वयंशिक्षितांना या माणसाचे नाव घेताना थोडा अभिमान वाटतो, तो आपण क्षम्य मानावा. उन्हात ट्रकभर कोंबड्यांचे मांस नासले आणि मालकाचे नुकसान झाले, या निमित्ताने जोन्सने ट्रकवर बसणारे शीतयंत्र तयार केले. स्थिर जागेवरची यंत्रे तोपर्यंत रस्त्याच्या धक्क्यांनी खिळखिळी होत. जोन्सचे पहिले यंत्रही ट्रकच्या खाली बसवले, तेव्हा चिखलाने बेजार झाले. पुढे त्याने ते हलके करून मालपेटीच्या पुढच्या भिंतीवर, उंच बसवले. आज रस्त्यावर दिसणाऱ्या शीतपेटीच्या ट्रककडे पाहा. यंत्र त्याच जागी आहे. त्यांची कंपनी पुढे थर्मो किंग म्हणून नावारूपाला आली. जोन्स १९६१ साली वारला, आणि राष्ट्राचे तंत्रज्ञानपदक त्याला मरणोत्तर, १९९१ साली मिळाले.

जोन्सच्या बुद्धीला माझा नमस्कार आहे. त्याच्या यंत्राने भाजी, मांस, औषधे दूरवर पोचली. परंतु मागच्या कोंबडीला गारवा आणि चार हातांवर बसलेल्या चालकाला इंजिनाची धग, हे चित्र त्यानंतर कित्येक वर्षे टिकले. यंत्र बनविता येत नव्हते म्हणून नव्हे. कोंबडी नासली तर मालकाचे नुकसान वहीत दिसते. चालकाची झोप नासली तर ते वहीत दिसत नाही, म्हणून.

बॅटरीचा हिशेब

बिछाना आला, गारवा आला. तो रात्री चालवायचा कशावर? अमेरिकेतल्या चालकांनी सोपा उपाय केला. इंजिन रात्रभर चालू ठेवले. मोठे इंजिन नुसते उभे राहून ताशी सुमारे ३ लिटर डिझेल खाते. ८ तासांच्या झोपेला २४ लिटर. धूर आणि आवाज वेगळाच. २००८ पासून कॅलिफोर्नियाने झोपण्याची सोय असलेल्या ट्रकांनाही पाच मिनिटांहून अधिक काळ इंजिन उगाच चालू ठेवण्यास मनाई केली. असे निर्बंध आले तेव्हा बॅटरीवर चालणाऱ्या वातानुकूलनाची गरज बाजाराला पटली.

बॅटरी स्वतः जुनी आहे. शिशाची बॅटरी गॅस्टन प्लांटे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली केली. मोटारीत तिला कायमची जागा मिळाली ती १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये, हातमुठीऐवजी विजेने इंजिन सुरू करण्यासाठी. ते काम क्षणभराचे आणि जोराचे. रात्रभर हळूहळू वीज देण्याचे काम निराळे. त्या बॅटरीला तसे राबवले तर ती लवकर मरते.

हिशेब सर्वांना कळण्यासारखा आहे. आपल्या वीजबिलावरचे एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. लहान केबिनच्या यंत्राला सरासरी ५०० वॅट धरा. ८ तासांना ४ युनिटे झाली. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीत १.८ युनिट असते, आणि तिचे आयुष्य राखायचे तर निम्मेच काढावे. म्हणजे अशा पाच बॅटऱ्या लागतील आणि वजन २०० किलोच्या घरात जाईल. १९९७ साली टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून अक्षय पाढी व सहकाऱ्यांनी लिथियम-लोह-फॉस्फेट हे द्रव्य पुढे आणले. त्याच्या बॅटरीतून ऐंशी टक्के वीज बिनधोक काढता येते. २४ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांच्या एका संचात साधारण ५ युनिटे मावतात, आणि वजन ५० किलोच्या आसपास राहते. पाचांच्या ऐंशी टक्क्यांत आपली रात्र भागली.

ती भरायची कशी? छतावर ४०० वॅटची सौरपट्टी टाकली तर चांगल्या उन्हाच्या दिवशी दीड-दोन युनिटे मिळतात. निम्म्याहून थोडी कमीच. बाकीची दिवसा चालत्या इंजिनाच्या अल्टरनेटरवरून घ्यावी लागतात. म्हणून जो म्हणेल की सूर्यावर फुकट रात्र काढू, त्याला आधी बेरीज करावयास सांगा. आणि हाताने बांधणाऱ्या जाणत्या माणसाचा पहिला खर्च यंत्रावर नसतोच. पत्र्याच्या छताला आतून उष्णतारोधक थर, इंजिनावरच्या फरशीला जाड अस्तर, काचेला चकचकीत पडदा, फटी बंद. एवढे केले की यंत्र लहान पुरते. बॅटरीच्या टोकाशीच फ्यूज, आणि ताज्या हवेची वाट मोकळी, या दोन गोष्टींत काटकसर करू नये. पाण्याच्या कूलरची गोष्ट निराळी आहे. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात तो उत्तम. कोकणाच्या दमट हवेत पाणी सुकतच नाही, तेथे तो निरुपयोगी.

आपल्या घरची गोष्ट

जमशेदपूरला १९५४ पासून टाटा-मर्सिडीज ट्रक बनू लागले. परंतु आपल्याकडे अनेक वर्षे कारखान्यातून ट्रक यायचा तो बहुधा चाके, इंजिन आणि पुढचा पत्रा एवढाच. केबिन बांधायचा तो आपला सुतार आणि लोहार. लाकडी चौकट, रंगीत नक्षी, देवाची तसबीर, मागे आडवी फळी. म्हणजे हाताने बांधलेले ट्रकघर आपल्याला अमेरिकेकडून शिकावे लागलेले नाही. त्या फळीवर चालक आणि क्लीनर आळीपाळीने झोपत आले. वैशाखात ट्रकअड्ड्यावर दुपारी दोन वाजता जाऊन पाहा. पत्रा हात लावू देत नाही, आणि माणसे ट्रकखाली दोन चाकांमध्ये झोळी बांधून पडलेली दिसतात. संघटनेच्या कामात मी हे तीस वर्षे पाहतो आहे.

कायदा नव्हता असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले. रात्री मुक्काम पडेल तेथे विश्रांतिगृहाची तरतूद केली. पुढे २०२० च्या संहितेत तो कायदा सामावून घेण्यात आला. परंतु तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांना लागू होता, आणि एकदोन ट्रकांच्या मालकाकडे राबणारा चालक त्याच्या कुंपणाबाहेर राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने मध्यम व जड ट्रकांच्या केबिनी वातानुकूलित असाव्यात अशी अधिसूचना काढली, आणि २०२५ पासून नव्या ट्रकांना ती लागू झाली. कॅरिअरच्या कागदानंतर सव्वाशे वर्षांनी हे घडले. स्वागत आहे!

तथापि दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. इंजिनावर चालणारा गारवा इंजिनाबरोबर थांबतो, आणि माणूस झोपतो तो इंजिन थांबल्यावर. तेव्हा कायद्याने चालवणाऱ्याला गारवा दिला, झोपणाऱ्याला अजून दिलेला नाही. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. एक वाहतूकदार मला म्हणाले, “एवढा थंडावा दिला तर दोन फेऱ्या जास्त मारायला काय हरकत?” गारव्याच्या बदल्यात तास मागणे हा जुनाच सौदा आहे. केबिन कितीही थंड असली तरी अठरा तास जागलेला मेंदू जागा राहत नाही.

कोणी म्हणेल, साहित्य स्वस्त झाले आहे, चालकाने स्वतः बांधून घ्यावे. त्याचे हात ते करू शकतात, यात मला शंका नाही. जोन्सचे हात याच जातीचे होते. परंतु लेथवर काम करणारा कामगार लेथ घरून आणीत नाही. ट्रक ज्याचा नफा कमावतो, त्यातला बिछाना आणि बॅटरी हा त्याचाच खर्च आहे. ज्याची गाडी स्वतःची आहे त्या मालक-चालकाने मात्र वरील हिशेब मांडून खुशाल कामाला लागावे, आणि त्याला त्यासाठी सोपे कर्ज मिळावे अशी मागणी आपण करावी.

हा प्रश्न केवळ चालकांचा नाही. रात्रीच्या बसने आपली मुले शिकायला जातात, आजारी माणसे इस्पितळात नेली जातात, आणि समोरून दहा-वीस टनांचा ट्रक येत असतो. त्या ट्रकच्या चाकावर बसलेला माणूस आदल्या दुपारी झोपला होता की नाही, यावर आपल्या सर्वांचे प्राण अवलंबून असतात. कागदाला, सुताला आणि कोंबडीला जे मिळाले ते आता त्याला मिळू द्या. त्याची झोप हा वाहतुकीचा खर्च आहे असे आपण मान्य केले, आणि तो खर्च मालाच्या भाड्यात उघडपणे मांडला, तर या इतिहासाचे पुढचे पान आपल्या हातून लिहिले जाईल.