मूठभर माती आणि आकाशातला कान

आज गोष्ट ओलीची.

माझे आजोबा मंगळवेढ्याकडचे, कोरडवाहू ज्वारीवाले. पेरणीआधी वावरातली माती उकरून मुठीत दाबायचे. लाडू वळला आणि टिचकीसरशी फुटला, की वाफसा आला. अंदाज चुकला तर बियाणं मातीत जायचं आणि दुबार पेरणीला उसनवारी.

रब्बी ज्वारी पावसावर कमी, जमिनीत मुरलेल्या ओलीवर जास्त येते. म्हणून १९३३ मध्ये सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र निघालं. पण तेव्हा ओल मोजायची म्हणजे माती खणा, तोला, भट्टीत वाळवा, पुन्हा तोला. आकडा मिळणार तो त्या एका जागेचा.

मग १९७३ साली अमेरिकेची स्कायलॅब वर गेली. हो, तीच! १९७९ मध्ये आपल्या डोक्यावर पडणार म्हणून गावोगावी घबराट उडाली होती ती. तिच्यावर २१ सेंटिमीटर लांबीच्या सूक्ष्मलहरी टिपणारा अँटेना होता. प्रत्येक जमीन अशा लहरी सोडत असते. कोरडी जास्त, ओली कमी. आणि ढग त्यांना अडवत नाहीत. पावसाळ्यात याहून मोठी सोय कोणती?

खास या कामासाठी युरोपचा स्मॉस २००९ मध्ये गेला, नासाचा स्मॅप २०१५ मध्ये. पण त्यांचा एक ठिपका साधारण ४० किलोमीटरचा, म्हणजे आख्खा तालुका एका आकड्यात. स्मॅपवरचं रडार बारकावे दाखवणार होतं, ते त्याच जुलैत बंद पडलं. शिवाय दिसते ती वरची पाचेक सेंटिमीटर माती. ज्वारीची मुळं मीटरभर खाली. खालची ओल गणितानं काढावी लागते.

हे महत्त्वाचं का? २०१६ च्या दुष्काळ संहितेत जमिनीतली ओल हाही एक निकष आहे. तालुक्याचा आकडा ओला आणि माळावरचं रान कोरडं, असं झालं तर माळवाल्याचं काय?

३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला इस्रो-नासाचा निसार खूपच बारीक पाहतो. ठिपका वावराच्या जवळ येतोय. तरी मला वाटतं, आकड्यानं सांगावं कुठे बघायचं, आणि पेरायचं की नाही ते मुठीनं ठरवावं.

भेटू पुढच्या भागात.