कोम्पोस्तेला : नाम, समाधी व वास्तू

स्पेनच्या वायव्येस गालिसिया प्रदेशातील सान्तियागो दे कोम्पोस्तेला हे नगर मध्ययुगात रोम व जेरुसलेम ह्यांच्या जोडीचे ख्रिस्ती तीर्थक्षेत्र गणले जाई. ख्रिस्तशिष्य याकोब ह्याची समाधी नवव्या शतकाच्या पूर्वार्धात, दिव्य प्रकाश दिसल्यामुळे, इरिया फ्लाविया येथील बिशप तेओदेमीर ह्यास सापडली, अशी परंपरा आहे. 'कांपुस स्तेल्लाए', म्हणजे 'ताऱ्याचे क्षेत्र', ही नगरनामाची प्रचलित व्युत्पत्ती ह्याच कथेस जुळणारी आहे.

ध्वनिविकाराच्या दृष्टीने मात्र ती ग्राह्य वाटत नाही. लॅटिन 'कांपुस'पासून गालिसियन भाषेत 'कांपो' व 'स्तेल्ला'पासून 'एस्त्रेला' झाले. प्रस्तुत नामात ह्यांपैकी एकही रूप आढळत नाही. 'पुरणे' हाही अर्थ असलेल्या 'कोंपोनेरे' ह्या लॅटिन धातूशी नामाचा संबंध जोडणारे मत अधिक संभाव्य होय. कॅथेड्रलखाली १९४६ नंतर झालेल्या उत्खननात प्राचीन दफनभूमी उघडकीस आली, ती ह्या मतास पूरक आहे.

ह्याच उत्खननात १९५५ साली तेओदेमीरची समाधिशिला मिळाली. तोपर्यंत काही संशोधकांना त्याच्या ऐतिहासिकतेविषयीच शंका होती. शिलेवरील ८८५ हे वर्ष हिस्पानी कालगणनेचे असल्याने त्यातून ३८ वजा करता इ. स. ८४७ हे मृत्युवर्ष येते. बिशपाचे दफन त्याच्या पीठस्थानी न होता येथे झाले, ह्यावरून नवव्या शतकाच्या मध्यासच हे स्थळ पवित्र मानले जात होते, असे अनुमान निघते. मूळ समाधी कोणाची, ह्याचा निर्णय मात्र ह्या शिलेने होत नाही.

९९७ मध्ये कोर्दोवाच्या अल-मन्सूरने नगर उद्ध्वस्त केले. विद्यमान रोमनेस्क कॅथेड्रलचे बांधकाम १०७५ च्या सुमारास सुरू झाले. मुख्य वेदीमागून जाणारा प्रदक्षिणामार्ग हे त्याचे लक्षणीय अंग होय. त्यामुळे वेदीवरील उपासनेत खंड न पडता यात्रेकरूंच्या समूहास फिरता येई. फ्रान्समधील कोंक व तुलूझ येथील यात्रामार्गावरील मंदिरांतही हीच योजना आहे. पश्चिमद्वारी मातेओ ह्या शिल्पकाराने घडविलेल्या 'वैभवद्वारा'च्या पट्टीवर ११८८ हे वर्ष कोरलेले असून मधल्या स्तंभावर याकोब दंड धारण करून बसला आहे.

तात्पर्य, शिलालेखाने तेओदेमीर इतिहासात स्थिर झाला, याकोबाची समाधी श्रद्धेचा विषय राहिली. ह्या दोन विधानांची गल्लत न करणे अभ्यासकास आवश्यक आहे; परंतु त्या श्रद्धेने प्रदक्षिणामार्गास आकार दिला, हे विधान मात्र निःसंशय इतिहासाच्या कक्षेतील आहे.