सोनाटिना: धाकट्या सोनाटाची गोष्ट



लिटिल इंडियाच्या जवळच 'सिफास' ही १९४९ साली स्थापन झालेली संस्था आपलं संगीत-नृत्य शिकवते. तरी इथल्या बऱ्याच मराठी घरांत मुलं पियानो शिकतात, आणि दोन-तीन ग्रेड झाल्या की घरात क्लेमेंटीची सोनाटिना सुरू होते. ही आली कुठून, म्हणून हा थोडा इतिहास.

सोनाटिना म्हणजे छोटा, सोपा सोनाटा. मुझिओ क्लेमेंटी १७५२ साली रोममध्ये जन्मला. कोवळ्या वयात एका श्रीमंत इंग्रजाने त्याला इंग्लंडला नेलं. १७८१ च्या नाताळात व्हिएन्नाला सम्राटापुढे त्याची आणि मोझार्टची जुगलबंदी झाली. नंतर मोझार्टने पत्रात त्याला चक्क भोंदू ठरवलं! पण क्लेमेंटीच्या ओपस ३६ च्या सहा सोनाटिना (१७९७) विद्यार्थी अजून वाजवताहेत. पुढे तो लंडनमध्ये पियानो बनवून विकायचा आणि नोटेशनही छापायचा. म्हणजे हार्डवेअर-सॉफ्टवेअर एकाच दुकानात! पियानोच्या पट्ट्या वाढल्या, तेव्हा त्याने याच सोनाटिनांची सुधारित आवृत्ती काढली.

पहिल्या सोनाटिनेचा पहिला भाग जेमतेम ३८ बारांचा. सी मेजरमध्ये सुरुवात, मग जी मेजरकडे प्रयाण, मधे सी मायनरचं मळभ, आणि परत घरी. मोठ्या सोनाटाचा सगळा आराखडा एवढ्यात बसवलाय.

आपल्याकडे असंच काम पं. भातखंडे (१८६०-१९३६) यांनी केलं. 'चतुर' या नावाने त्यांनी लक्षणगीतं रचली: रागाचे नियम सांगणारी, त्याच रागात बांधलेली. 'क्रमिक पुस्तक मालिके'मुळे घराण्यांत बंद असलेल्या चिजा कुणालाही शिकता येऊ लागल्या. क्लेमेंटीला गिऱ्हाईक हवं होतं, भातखंड्यांना विद्या खुली करायची होती. दार मात्र दोघांनीही नवशिक्यासाठीच उघडलं. लक्षणगीत नियम शब्दांत सांगतं, सोनाटिना न बोलता.

मग गाडी अडते कुठे? परीक्षेत. लंडनचं एबीआरएसएम १८९० पासून परीक्षा घेतंय. शिस्त लागते, हे मान्य. पण परीक्षेला बहुधा सोनाटिनेचा एकच भाग असतो. तो वर्षभर घोटायचा, सर्टिफिकेट भिंतीवर लावायचं, आणि बाकीचे दोन भाग मुलाने ऐकलेलेही नसतात! संथ मधला भाग आणि धावता शेवट मिळूनच ती गोष्ट पुरी होते. आपल्या 'विशारद'वाल्यांनाही हा अनुभव नवा नसावा.

तेव्हा मंडळी, "कितवी ग्रेड झाली?" विचारण्याआधी एकदा "पुढचा भाग वाजव की" म्हणून बघा.