किडकिडीत माणसाची साखर

भिवंडीच्या यंत्रमागावर बारा तासांची पाळी करून बाहेर पडलेला किडकिडीत कामगार. सारखी तहान, सारखी लघवी, वजन उतरत चाललेलं. शुगर तपासून घे म्हटलं तर सोबतीच हसण्यावारी नेतात: अंगावर मांस नाही, तुला कुठली शुगर? मधुमेह खात्यापित्या घरचा, ही समजूत इतकी घट्ट बसली आहे. पण या रोगाचं कूळ तपासलं, तर त्यात किडकिडीत माणूस पहिल्यापासून आहे.

लघवीला मुंग्या लागतात हे लक्षण नोंदवणाऱ्या चरकसंहितेत प्रमेहाचे (ज्यात मधुमेह मोडतो) रोगी दोन सांगितले आहेत: एक स्थूल आणि बलवान, दुसरा कृश आणि दुर्बल. पहिल्याला शोधन, दुसऱ्याला पोषण. सुश्रुतसंहितेतही जन्मजात प्रमेह आणि अपथ्यातून होणारा प्रमेह असे दोन भेद आहेत.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी मधुमेह झालेल्या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवत. १९३६ मध्ये हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी दाखवलं, की काहींना इन्सुलिन चटकन लागू पडतं, काहींना नाही. टाइप १ आणि टाइप २ ही विभागणी या वाटेनं आली.

तिसरी शाखा मात्र हरवत राहिली. १९५५ मध्ये जमैकातल्या कृश रुग्णांची वेगळी नोंद झाली. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८५ मध्ये कुपोषणाशी जोडलेला मधुमेह स्वतंत्र मानला आणि १९९९ मध्ये यादीतून काढला. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं त्याला ‘टाइप ५’ म्हणून मान्यता दिली.

आपल्याकडचा आणखी एक धागा पुण्याचा. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपलं आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं छायाचित्र छापलं. दोघांचा बीएमआय २२.३, पण चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. बारीक दिसणाऱ्या देहातही चरबी दडलेली असते.

म्हणजे किडकिडीत माणसाची साखर तीन कुळांतली असू शकते. टाइप १ असेल, तर इन्सुलिन एक दिवसही चुकवून चालत नाही. दडलेल्या चरबीतून आलेला टाइप २ असेल, तर बेताचा आहार, चालणं आणि गोळ्या. कुपोषणातून आलेला असेल, तर आधी पोटभर सकस अन्न आणि गरज पडल्यास जपून दिलेलं इन्सुलिन. कारण जास्त मात्रेनं साखर एकदम खाली येते, आणि हातावर पोट असलेल्याच्या ताटात ती सावरायला पुरेसं काही असेलच असं नाही.

ग्लुकोमीटरवरचा आकडा तिघांचाही सारखा दिसू शकतो. म्हणून या कामगाराला ‘खाणं कमी कर’ सांगण्याआधी वय, घराणं, बालपणीची भूक विचारावी. कूळ ओळखायला सी-पेप्टाइड आणि अँटिबॉडीच्या रक्तचाचण्यांची गरज आहे का, ते पाहावं. कृशाला पोषण द्यावं, हे आपल्याकडे फार पूर्वीच लिहून ठेवलं आहे.