बोट बाईकडेच का?

लघवीच्या जागेपाशी बारीक फोड येतात, आग होते, लघवी करताना झोंबतं. हा आजार हर्पिसचा असू शकतो. आपण तो लपवतो, कारण पहिलं बोट बाईच्या वागणुकीकडे उठतं.

ही खोड जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या डॉक्टरांनी हा आजार वेश्यांमध्ये पाहिला आणि तो 'तसल्या बायकांचा' ठरला. १९६० च्या दशकात या विषाणूचे दोन प्रकार कळले. १९८० च्या दशकात ते वेगळे ओळखणारी रक्ततपासणी आली. तेव्हा दिसलं, की लागण झालेल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो! फोड नसतानाही लागण होते, आणि पुरुषाकडून बाईला ती जास्त सहज होते. म्हणजे एकाच नवऱ्याशी संसार करणारीलाही हर्पिस होऊ शकतो.

यावरचं औषध एसायक्लोव्हिर. ते घडवण्यात मोठा वाटा असलेल्या गर्ट्रूड एलियन या बाईंना १९८८ साली नोबेल मिळालं. औषधाने विषाणू जात नाही, पण फोड लवकर बरे होतात. निरोधने धोका कमी होतो. गरोदर असाल तर डॉक्टरांना जरूर सांगा, बाळाला जपता येतं.

सख्यांनो, तपासणीला दोघांनीही जायचं. लाज एकटीने का वाहायची?