मुंगूस, मागूर, मरळ : शोभिवंत माशांवरील अमेरिकी बंदीची कहाणी

२५ मे १९०० रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्ली यांनी एका कायद्यावर स्वाक्षरी केली. आयोवा राज्यातून निवडून आलेले जॉन लेसी हे त्याचे जनक, म्हणून तो आजही 'लेसी कायदा' याच नावाने ओळखला जातो. पक्ष्यांची चोरटी शिकार आणि त्यांच्या पिसांचा व्यापार रोखणे हा त्याचा मुख्य हेतू. परंतु त्यात एक छोटेसे कलम असेही होते, ज्याने काही परदेशी प्राण्यांना देशात आणण्यास मनाई केली. त्या कलमात नाव घेऊन उल्लेखिलेला पहिला प्राणी होता मुंगूस.

मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. इंग्रजीतील 'मंगूस' हा शब्द मराठीतल्या 'मुंगूस'वरून आला आहे, अशी नोंद इंग्रजी शब्दकोश करतात. म्हणजे अमेरिकेच्या पहिल्या जैविक आयातबंदीचा आरंभ आपल्या भाषेने दिलेल्या एका शब्दाने होतो. पुढे याच कायद्याच्या छायेत आपल्या ओळखीचे आणखी दोन जीव आले, मागूर आणि मरळ. हा धागा मुख्यतः त्या दोघांचा आहे. काचेच्या टाकीतील मासा कायद्याच्या यादीत कसा जातो, आणि तो जातो तेव्हा बहुधा उशीर का झालेला असतो, हे त्यातून पाहता येते.

आधी मुंगसाचे उरकून घेऊ. १८७२ साली जमैकातील एस्प्युट नावाच्या मळेवाल्याने कोलकात्याहून नऊ मुंगसे मागवली. उसाच्या मळ्यातील उंदरांचा नायनाट हा उद्देश. मुंगसांनी उंदरांबरोबरच जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे, साप आणि कोंबड्याही फस्त केल्या. त्यांची संतती १८८३ मध्ये हवाई बेटांवर नेली गेली आणि तेथेही हीच कथा घडली. १९०० च्या कायद्याला हा धडा ठाऊक होता. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर मुंगूस आजवर स्थिरावलेले नाही.

त्याच कलमातील दुसऱ्या दोन नावांची गोष्ट मात्र उलटी आहे. चिमणी १८५० च्या दशकातच न्यूयॉर्क परिसरात सोडली गेली होती. साळुंकीच्या कुळातील स्टार्लिंग हा पक्षी १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये मुद्दाम सोडण्यात आला. १९०० मध्ये त्यांच्यावर बंदी आली तेव्हा त्यांची घरटी वळचणीला लागून पिले उडूनही गेली होती. एकाच वाक्यातील एक नाव वेळेवर लिहिले गेले, दुसरे वेळ टळल्यावर. या कायद्याचा पुढचा सारा इतिहास या दोन टोकांमध्ये हेलकावे खातो.

मूळ कलमात मासे नव्हते. त्या काळी धोक्याचे मोजमाप शेती आणि फळबागांच्या नुकसानीवरून होत असे, आणि मासा काही पीक खात नाही! पाण्यातील प्राण्यांना 'उपद्रवी' ठरवण्याची सोय १९६० च्या दुरुस्तीने झाली. मासे, शंख-शिंपले, खेकडे-कोळंबी, बेडूक, सरपटणारे प्राणी हे सारे तेव्हा कक्षेत आले. त्याच दुरुस्तीत अशा प्राण्यांच्या देशांतर्गत वाहतुकीविषयीही एक कलम लिहिले गेले. त्यातील एक साधेसे शब्दयोगी पद सत्तावन्न वर्षांनी न्यायालयात उभे राहणार होते. ते योग्य ठिकाणी येईलच.

विमानवाहतूक वाढली तसा शोभिवंत माशांचा व्यापारही वाढला. प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत आग्नेय आशियातील मासा अवघ्या काही तासांत फ्लोरिडात पोहोचू लागला. फ्लोरिडाचे हवामान उबदार, त्यामुळे तेथे शोभिवंत माशांची तळीच्या तळी उभी राहिली. १९६० च्या दशकाच्या आरंभी या तळ्यांत थायलंडहून एक मासा आला. मिशाळ, खवलेहीन, हवेतून श्वास घेऊ शकणारा. त्याचे पांढरे, रंगहीन वाण शौकिनांना विशेष भावत असे. त्याचे शास्त्रीय नाव क्लॅरियस बॅट्रॅकस. आपल्याकडे या कुळातील माशांना मागूर किंवा मांगूर म्हणतात.

मागूर पावसाळी रात्री ओल्या जमिनीवरून पंखांच्या काट्यांच्या आधाराने सरकत दुसऱ्या पाण्यात जातो. आपल्या गावांतून ही गोष्ट लहान मुलांनाही ठाऊक असते. फ्लोरिडाच्या तळेवाल्यांना ती अनुभवाने कळली. दशकाच्या मध्यावर तो तळ्यांतून निसटला आणि दक्षिण फ्लोरिडाच्या कालव्यांत पसरला. राज्याने १९६७ मध्ये त्याची आयात आणि तो बाळगणे, दोन्हींवर बंदी घातली.

आणि येथे या कथेतील सर्वांत बोलका प्रसंग घडतो. बंदी आल्यावर टँपा उपसागराच्या परिसरातील काही मत्स्यपालकांनी आपल्याजवळचे मागूर बाहेरच्या पाण्यात सोडून दिले, असे मत्स्यशास्त्रज्ञांनी नोंदवून ठेवले आहे. काळ १९६७ ची अखेर किंवा १९६८ चा आरंभ. काल जो माल होता तो आज गुन्ह्याचा पुरावा झाला. त्याला मारून टाकण्याचा खर्च आणि त्रास कोण घेणार? जवळचा ओढा फुकट होता. बाळगणे गुन्हा ठरवताना बाळगलेल्याचे काय करायचे याची सोय लावली नाही, तर कायदाच त्या जिवाला नवे पाणी दाखवतो. पुढे मागूर इतरांच्या तळ्यांत शिरून विक्रीचे मासे खाऊ लागला आणि तळ्यांभोवती त्याला अडवणारी कुंपणे घालण्याची पाळी मालकांवर आली. त्यानंतर केंद्र सरकारने मागुराचे अख्खे कुळच उपद्रवींच्या यादीत घातले.

(अवांतर : याच कुळातील आफ्रिकी मागुराने भारतातही असाच इतिहास घडवला. 'थाई मागूर' या फसव्या नावाने तो विकला जातो. २००० साली त्याच्या पालनावर बंदी आली, तरी तळी चालूच राहिली. पुढे राष्ट्रीय हरित लवादाला लक्ष घालावे लागले आणि महाराष्ट्रात मत्स्य विभागाने अशा तळ्यांतील मासे नष्ट केले. त्यावर स्वतंत्र धागा व्हायला हवा.)

मागुराने केंद्रीय अधिकाऱ्यांना एक मूलभूत प्रश्न विचारायला भाग पाडले. जगात माशांच्या हजारो जाती व्यापारात येऊ शकतात. त्यांतील एकेक जात त्रासदायक ठरल्यावर यादीत घालत बसायचे, की यादीच उलटी करायची? १९७३ मध्ये अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने उलट्या यादीचा प्रस्ताव मांडला. ज्या जातींचा धोका अल्प आहे त्यांचीच नावे लिहायची. उरलेल्या सर्वांना, निरपराध सिद्ध होईपर्यंत, दार बंद.

पाळीव प्राण्यांचा व्यापार, प्राणिसंग्रहालये आणि संशोधकांपैकीही अनेकजण या प्रस्तावावर तुटून पडले. त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. एखादी जात निरुपद्रवी आहे हे सिद्ध करण्याचा भार कोणी वाहायचा, आणि अभ्यासासाठी ती आणताच आली नाही तर अभ्यास कसा व्हायचा? अखेर प्रस्ताव मागे पडला. ऑस्ट्रेलियाने पुढे नेमकी हीच वाट धरली. तेथे परवानगीच्या यादीत नाव असलेलाच जिवंत मासा आणता येतो. अमेरिकेत मात्र बंदीची यादी टिकली. उपद्रव दिसला की नाव लिहायचे, हा क्रम कायम राहिला.

आता मरळ. मे २००२ मध्ये मेरिलँड राज्यातील क्रॉफ्टन गावी, दुकानांच्या मागच्या एका लहानशा तळ्यात एका गळवाल्याला अनोळखी मासा मिळाला. त्याने छायाचित्र काढून मासा परत पाण्यात सोडला आणि ते छायाचित्र राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाला दाखवले. तो निघाला उत्तर चीनकडील मरळ, शास्त्रीय नाव चॅना आर्गस. जुलैपर्यंत तळ्यात पिलेही सापडली. जवळूनच लिटल पटक्सेंट नदी वाहते, म्हणून धास्ती वाढली.

चौकशीत उलगडा झाला. एका स्थानिक रहिवाशाने आजारी नातेवाइकाला सूप करून देण्यासाठी न्यूयॉर्कच्या बाजारातून दोन जिवंत मरळी आणल्या होत्या. सुपाची गरज उरली नाही, मासे घरच्या टाकीत वाढले, टाकीला पुरेनासे झाले, आणि २००० साली तळ्यात गेले. गुन्ह्याची कायदेशीर मुदत उलटून गेल्यामुळे त्या इसमावर खटला झाला नाही. अन्नाचा मासा, शोभेचा मासा आणि उपद्रवी मासा या कायद्याच्या दृष्टीने तीन वेगळ्या गोष्टी असतात. या दोन मरळी दोन वर्षांत तिन्ही पदे भोगून गेल्या.

वर्तमानपत्रांनी तिला 'फ्रँकनफिश' म्हटले. ती जमिनीवर चालते, दिसेल ते खाते, असे बरेच काही छापून आले. २००४ मध्ये तर या नावाचा भयपटही निघाला. ज्यांनी आठवडी बाजारात पाटीत वळवळणारी मरळ पाहिली आहे त्यांना या घबराटीचे हसू येईल. मरळ हवेतून श्वास घेते आणि ओलाव्यात बराच वेळ तग धरते, इतके खरे. भीतीचे खरे कारण त्याहून साधे आणि गंभीर होते : आईबाप पिलांच्या पुंजक्याची राखण करतात, त्यामुळे पिले जगण्याचे प्रमाण मोठे, आणि ही उत्तरेकडील जात बर्फाखालच्या पाण्यातही हिवाळा काढते. मागुराला फ्लोरिडाबाहेर थंडीने रोखले. या माशाला ती रोखणार नव्हती.

सप्टेंबर २००२ मध्ये तळ्यात रोटेनोन हे मत्स्यविष सोडण्यात आले. सहा मोठ्या मरळी आणि हजाराहून अधिक पिले मेलेली मिळाली. ४ ऑक्टोबर २००२ रोजी केंद्राने अंतिम नियम प्रसिद्ध केला : मरळीचे संपूर्ण कुळ, त्या वेळी ज्ञात असलेल्या अठ्ठावीसही जाती, जिवंत मासे आणि जगण्याजोगी अंडी, सारे उपद्रवी. संशोधन, शिक्षण, वैद्यक किंवा प्राणिसंग्रहालय यांसाठी परवाना काढता येईल. एरव्ही आयातीला सहा महिन्यांपर्यंत कैद.

येथे शौकीन आणि सरकार यांचा खरा वाद उभा राहिला. १९९१ मध्ये वर्णन झालेली चॅना ब्लेहेरी ही आसामकडील वीतभर लांबीची, नारिंगी-निळ्या ठिपक्यांची मरळ टाकीतील रत्न मानली जाते. उष्ण प्रदेशातील अनेक जाती अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत एक हिवाळाही काढणार नाहीत. मग चीनच्या माशाची शिक्षा आसामच्या माशाला का, असा शौकिनांचा प्रश्न होता, आणि जीवशास्त्राच्या निकषावर तो रास्त होता.

सरकारची बाजू विमानतळाच्या टेबलावरून पाहावी लागते. पिशवीत शंभर पिले आहेत, प्रत्येक बोटाएवढे. मरळीच्या पिलांचा रंग वाढत्या वयाबरोबर पालटतो. मोठेपणी मीटरभर होणारी राक्षसी मरळ बालपणी लाल पट्ट्यांची, गोजिरवाणी दिसते आणि तशीच विकली जात असे. सीमाशुल्क अधिकाऱ्याने जात ओळखायची कशी? एका जातीला बंदी केली की तिच्याच नावाची पाटी बदलून ती दुसरी होऊन येणार. माझ्या मते कुळावरची सरसकट बंदी अन्याय्य होती आणि तरीही व्यवहारात दुसरा इलाज नव्हता. राज्यांना मात्र अधिक बारकाईने वागता आले असते, कारण एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही : लेसी कायदा आयात आणि वाहतूक रोखतो, घरी बाळगणे तो गुन्हा ठरवत नाही. बाळगण्याचा प्रश्न राज्याराज्यांच्या कायद्यांचा.

मे २००४ मध्ये पोटोमॅक नदीत मरळ सापडली. तिच्या जनुकीय तपासणीत क्रॉफ्टनच्या तळ्याशी नाते जुळले नाही. म्हणजे विष घालून ते तळे साफ केले जात असताना दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या पाण्यात, दुसऱ्या मरळी सोडल्याच होत्या.

आता ते शब्दयोगी पद. १९६० च्या कलमाने 'मुख्य भूमीवरील संयुक्त संस्थाने, राजधानीचा जिल्हा, हवाई, पोर्तो रिको' इत्यादींच्या 'दरम्यान' वाहतुकीस मनाई केली होती. सरकार त्याचा अर्थ असा लावत आले, की कोणत्याही दोन राज्यांमधील वाहतूक निषिद्ध. सरपटणारे प्राणी पाळणाऱ्यांच्या संघटनेने अजगर आणि अ‍ॅनाकोंडा यांच्यावरून आव्हान दिले. ७ एप्रिल २०१७ रोजी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला : मुख्य भूमी हा यादीतील एकच घटक आहे, म्हणून तिच्या आतल्या आत, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास हे कलम लागूच होत नाही. खटला सापांचा होता, पण कलम सर्वांचे होते. मरळ आणि मागूर यांच्या राज्याराज्यांतील प्रवासावरची केंद्रीय बंदी त्याच दिवशी निखळली. उरली ती राज्यांची.

फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहाने एका मोठ्या विधेयकात ही उणीव भरून काढणारी तरतूद मंजूर केली, आणि तिच्यासोबत १९७३ ची ती जुनी उलटी यादीही. पाळीव प्राण्यांचे व्यापारी आणि शौकीन पुन्हा एकवटले. ऑगस्टमध्ये कायदा झाला तेव्हा त्यात ही तरतूद नव्हती.

मेरिलँडने दरम्यान दुसरा मार्ग धरला आहे. तेथे जिवंत मरळ बाळगता वा नेता येत नाही, पण मारून खाण्यास पूर्ण मोकळीक आहे, किंबहुना आग्रहच. इंग्रजीतले तिचे 'सर्पमुखी' हे नाव ऐकून गिऱ्हाईक बिचकते, म्हणून २०२४ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून तिचे बारसे केले. आता तेथील मासळीबाजारात ती 'चेसापीक चॅना' म्हणून विकली जाते.