शाळेची वाट : वऱ्हाडातील एका प्रश्नाचा ऐतिहासिक विचार

‘वाट’ आणि ‘रस्ता’ हे शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी येत असले, तरी त्यांत एक भेद आहे. वाट पडते, रस्ता बांधला जातो. पहिलीस पावले कारण होतात, दुसऱ्यास शासन. अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील मुले शाळेत कशी जात आली, याचा विचार करताना हा भेद उपयोगी पडतो. शाळेचे अंतर कमी करण्याचे प्रयत्न येथे वारंवार झाले. जी वाट उरली ती निर्धोक करण्याचा प्रश्न मात्र मागे पडला.

पायी चालणाऱ्याची वेगळी सोय ही कल्पना या प्रदेशास परकी नव्हे. पेंढाऱ्यांपासून व्यापारी वस्तीचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या राजवटीत १८०७ पासून अमरावतीभोवती परकोट उभारण्यात आला. सुमारे सव्वादोन मैल घेराच्या या तटास पाच दरवाजे आणि चार खिडक्या होत्या. गाड्यांसाठी दरवाजा आणि माणसांसाठी खिडकी, ही वाटणी नावांतूनच सूचित होते.

खेड्यातील मुलापुढील अडचण निराळी होती. त्याची वाट म्हणजे पांदण. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलाने ती चालण्याजोगी राहत नसे. शिवाय पुढील इयत्तांची शाळा दूरच्या गावी असे. पापळ येथे जन्मलेल्या पंजाबराव देशमुखांना (१८९८–१९६५) शिक्षणासाठी चांदूर रेल्वे, कारंजा व अमरावती अशी गावे बदलावी लागली. त्यांनी अमरावतीत स्थापिलेले श्रद्धानंद छात्रालय हे या अडचणीवरील पहिल्या प्रकारचे उत्तर होय : मूलच शाळेजवळ आणून ठेवावे, म्हणजे रोजची वाट उरत नाही.

दुसरे उत्तर याच्या उलट, शाळाच मुलाजवळ नेण्याचे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला आणि महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक व सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर ही मर्यादा ठरविली. नववीपासून मात्र या हमीचा आधार सुटतो.

तिसरे उत्तर सायकलीचे. २०११ मध्ये मानव विकास कार्यक्रमाचा विस्तार राज्यातील १२५ तालुक्यांत झाला. त्यांत वऱ्हाडातील तालुकेही होते. पाच किलोमीटरच्या आत शाळा असलेल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली, आणि मुलींसाठी एस.टी.च्या स्वतंत्र गाड्या, अशी तीत योजना होती. हा उपाय निष्फळ म्हणता येणार नाही. बिहारमध्ये २००६ साली सुरू झालेल्या अशाच योजनेचा कार्तिक मुरलीधरन व निशिथ प्रकाश यांनी अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी सुमारे तीस टक्क्यांनी वाढल्याचे आणि शाळा दूर असलेल्या गावांत हा परिणाम अधिक असल्याचे आढळले.

तथापि या तिन्ही उत्तरांत एक साम्य आहे : मूल हलविले, शाळा हलविली किंवा वाहन दिले, रस्त्यास कोणी प्रश्न विचारला नाही. दरम्यान रस्ता पार बदलून गेला. अकोला व अमरावती यांना जोडणारा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ आता ५३ म्हणून ओळखला जातो. त्यावर लोणी ते माना या टप्प्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची एकेरी डांबरी पट्टी १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण करण्यात आली आणि तिची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. गुळगुळीत डांबराचा लाभ सायकललाही होतो, हे खरे. परंतु गाव एका अंगास आणि शाळा दुसऱ्या अंगास असेल, तर महामार्ग रुंदावताच ओलांडण्याचे अंतर वाढते आणि वाहनांचा वेगही वाढतो. भुयारी मार्ग लांब असल्यास मुले दुभाजकावरूनच जवळची वाट पाडतात. अशा ठिकाणी पाच किलोमीटरच्या मोजमापापेक्षा त्या काही पावलांची जोखीम पालकास मोठी वाटते, आणि धाक बसला की प्रथम मुलीची शाळा सुटते.

डेन्मार्कमधील ओडेन्स शहराने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निराळा क्रम धरला. मुलांना कोठे भीती वाटते, ते आधी त्यांच्याकडूनच जाणून घेतले आणि मग त्या ठिकाणी वेग कमी करणे, वेगळी सायकलवाट देणे व ओलांडण्याची जागा सुधारणे ही कामे हाती घेतली. भारतातही २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात पादचारी व बिनयांत्रिक वाहनांविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे. त्या अधिकाराचा उपयोग करावयाचा झाल्यास आरंभ नकाशावरील अंतराने न करता प्रत्येक माध्यमिक शाळेकडे येणाऱ्या वाटा कोणता रस्ता कोठे ओलांडतात, याच्या नोंदीने करणे युक्त ठरेल. ही नोंद गावातील शिक्षक व विद्यार्थी यांना सहज करता येण्याजोगी आहे.